जिभाऊंचं तिकीट

जिभाऊंचा अख्खा चेहरा दिसेल असा एकसुद्धा फोटो आमच्या सुरतेच्या बमरोलीत कुणाकडे निघाला नाही. ते गेले तेव्हा शोकसभेच्या बॅनरसाठी आम्ही सगळ्यांनी आपापले मोबाईल पालथे घातले. पक्षाच्या प्रत्येक कार्यक्रमाला हा माणूस हजर, पण फोटोत काय, तर कुणाच्या खांद्यामागे एक कान, कुठे टोपीचं टोक, कुठे हार धरलेला नुसता हात. फोटोवाला 'रेडी' म्हणाला की जिभाऊंची धावपळ सुरू व्हायची. "ताई, तुम्ही मध्ये या. अरे, त्या मास्तरांना पुढे घ्या. पोरांनो, खाली बसा." सगळ्यांची सोय लावून होईपर्यंत फोटो निघालेला असायचा आणि जिभाऊ बाहेरच राहिलेले असायचे. शेवटी त्यांच्या मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ते चोरी करताना पकडून आणल्यासारखे दिसतात. शकूमावशी, म्हणजे त्यांची बायको, बॅनरकडे बघून म्हणाल्या, "हे कोण?" आणि मग पदराने तोंड झाकून घेतलं.

आता पुन्हा विधानसभेची निवडणूक येऊ घातली आहे. पांडेसऱ्यापासून बमरोलीपर्यंत खांबाखांबावर दावेदार लटकले आहेत. नवरात्रीच्या शुभेच्छा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी नातवाच्या बारशाच्या शुभेच्छा. निमित्त काहीही असो, खाली हात जोडलेला चेहरा आणि 'भावी आमदार'. तिकीट एक आणि भावी आमदार डझनभर! हे बॅनर बघत बघत मी भाजी घेऊन घरी येते आणि माझं डोकं तापतं. ज्या माणसाने आयुष्यात एकदाच काहीतरी मागायचं ठरवलं होतं तो आठवतो, आणि आधी त्याचा राग येतो, मग भरून येतं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं.

जिभाऊ म्हणजे हिरामण पाटील. आमच्या खानदेशात मोठ्या भावाच्या मानाच्या माणसाला जिभाऊ म्हणतात, आणि यांना तर सासरेसुद्धा जिभाऊच म्हणायचे म्हणे. शिंदखेड्याकडचे. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले, डाइंग मिलमध्ये फोल्डिंगला लागले, म्हणजे कापडाच्या घड्या घालायला, आणि घड्या घालता घालता त्या खात्याचे सुपरवायझर झाले. मिल सुटली की पक्षाचं काम. पक्ष कुठला ते मी सांगत नाही. सांगून तरी काय मोठा फरक पडणार आहे! सतरंज्या घालणारी माणसं सगळ्याच पक्षांत असतात आणि त्या सतरंज्यांवर बसणारीही असतात.

मी लग्न होऊन धुळ्याहून इथे आले, त्या पहिल्या निवडणुकीला सकाळी सकाळी दार वाजलं. दारात पांढरा शर्ट, पांढरी टोपी, पायात रबरी चपला. मला वाटलं, मत मागायला आले. तर ते म्हणतात, "बेटा, चहा झाला का तुझा? मग चल." कुणाला मत दे, एक शब्द नाही. मी म्हटलं, "अहो, बाळ झोपलंय." तर म्हणाले, "दे इकडे, मी कशाला आहे?" मी आपली वेड्यासारखी चार महिन्यांचा मुलगा त्या अनोळखी माणसाच्या हातात देऊन रांगेत उभी राहिले. परत आले तर हे कडुनिंबाखाली त्याला खांद्यावर घेऊन उभे, आणि शर्ट पाठीपर्यंत ओला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "असू दे. दर वेळेला कुणी ना कुणी आशीर्वाद देतंच." त्याच शर्टात संध्याकाळपर्यंत फिरले. आमच्या चाळीतल्या सगळ्या बायकांची मतं अशी पडलेली आहेत. पोर जिभाऊंच्या खांद्यावर आणि आई आत.

मी बोलायला तिखट. त्यांनीच मला पक्षाच्या महिला आघाडीत ओढलं. "सरलाबेन, तुझी जीभ फुकट चालली आहे, लोकांच्या कामाला लाव." चारचौघांत मी सरलाबेन, घरी सरू. त्यांच्याबरोबर मी कुठे कुठे गेले असेन! कुणाची गटार तुंबली, कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणी सिव्हिल हॉस्पिटलात वारलं आणि गावाकडे न्यायला गाडी मिळेना. प्रत्येक ठिकाणी जिभाऊ दारात उभे राहायचे आणि आत मला पाठवायचे. "तू बोल. आपलं काय, आपण मागे आहोतच." साहेब खुर्ची द्यायचा, तर ती दुसऱ्याला. हार यायचा, तर तो शेजारच्याच्या गळ्यात. 'मी' हा शब्द त्यांच्या तोंडून मी फारसा ऐकलाच नाही. 'आपण'. आपण जाऊ, आपण बघू, आपल्याला काय, पक्ष म्हणेल ते. मी एकदा वैतागून म्हटलं, "जिभाऊ, हे 'आपण' म्हणजे नक्की कोण? तुम्ही एकटेच तर धावता!" ते हसले. "तसं नसतं बोलायचं, सरू. माणूस उतावळा दिसतो."

तरी एक गोष्ट होती जिच्यासाठी ते स्वतः आत जायचे, खुर्चीवर बसायचे आणि टेबलावर हात आपटायचे. आमची मराठी शाळा आठवीला संपते. पुढे नववी-दहावीचे मराठी वर्ग हाकेच्या अंतरावर नाहीत. मुलं गुजरातीत नाहीतर हिंदीत जातात, धडपडतात, काही टिकतात. मुली मात्र घरी बसतात आणि साडीला लेस लावायला लागतात. त्यांची स्वतःची वंदना अशीच बसली. आठवीत वर्गात पहिली आलेली पोरगी. आता कोसाडला दिली आहे, बरं चाललंय तिचं, पण जिभाऊंच्या मनातून ते गेलं नाही. अर्ज करून झाले, साहेब बदलून झाले. प्रत्येक जण सांगायचा, हे वरून व्हायला पाहिजे. त्या 'वरून'मुळेच त्यांच्या डोक्यात आमदारकी शिरली असावी, असं मला आता वाटतं. तेव्हा कळलं नाही. तेव्हा आम्हाला वाटायचं, या माणसाला काहीच नको असतं.

मागच्या विधानसभेच्या आधी कुणकुण लागली की आमच्या सीटवर यंदा खानदेशी माणसाला तिकीट देणार. झालं! जो तो इस्त्रीचे कपडे घालून फिरायला लागला. मग समाजातल्या मोठ्या माणसांनी वाडीत, म्हणजे आमच्या समाजाच्या हॉलमध्ये, बैठक बोलावली. पाच नावं गेली तर पाचही कापली जातील, आपलं एकच नाव जाऊ द्या, असं ठरलं. कुणाचं? मागून आवाज आला, "जिभाऊंचं!" आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

जिभाऊ उठले, हात जोडले. "आपलं वय झालं. तरुण पोरं आहेत, त्यांना द्या." लोक म्हणाले, नाही नाही, तुम्हीच. ते पुन्हा म्हणाले, "आपल्याला कशाला? आपण मागे आहोतच." लोकांनी आणखी लावून धरलं. एक म्हातारेबुवा तर उठून आले, त्यांनी जिभाऊंना खांदे धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "बठ! आते बोलू नको!" मग जिभाऊ खाली मान घालून बसले. ती मान म्हणजे होकार, हे हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही कळलं.

दुसरा तगडा दावेदार होता किशोर. त्याच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला उगाच खलनायक कराल. किशोर आमच्यातलाच, पण इथेच जन्मलेला. गुजराती तर असा बोलतो की व्यापाऱ्यांनी कान टवकारावेत. इच्छापोरच्या कारखान्यांना मजूर पुरवायचं कंत्राट, गाडी, दोन फोन. त्याला पक्षात जिभाऊंनीच आणलं. माईक तोंडापासून किती लांब धरायचा, म्हाताऱ्या माणसाच्या घरी गेल्यावर आधी काय विचारायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी किशोर उठला आणि म्हणाला, "जिभाऊ उभे राहत असतील तर माझं नाव नाही." पुन्हा टाळ्या. मला खात्री आहे, त्या क्षणी तो ते मनापासूनच बोलला.

पुढच्या दिवसांतलं मला शकूमावशींकडून कळायचं. त्या दळणाचा डबा घेऊन आमच्याकडे यायच्या, कारण घरघंटी माझ्याकडे. दळण होईपर्यंत गप्पा. एकदा हसू दाबत म्हणाल्या, "सरू, कुणाला सांगू नको. हे आंघोळ झाल्यावर आरशापुढे उभे राहतात. आणि गुजरातीत भाषण करतात." मी म्हटलं, "काहीतरीच!" "देवाशपथ. 'माननीय अध्यक्षश्री, मारा विस्तारनी दीकरीओ,' असं काहीतरी. मी गेले की टोपी काढून केस विंचरल्याचं सोंग करतात." म्हणजे, माझ्या भागातल्या लेकी! आम्ही दोघी हसून हसून लोळलो. मावशींनी त्यांच्यासाठी नवीन लेंगा-झब्बा शिवायला टाकला होता. "कशाला, कशाला," करत त्यांनी माप मात्र हात पसरून नीट दिलं, म्हणे.

मग आला सेन्सचा दिवस. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगावं लागेल. इकडे तिकिटं वाटायच्या आधी पक्षाचे निरीक्षक येतात, बाहेरगावचे, कुणाच्या ओळखीचे नसलेले. खोलीत बसतात आणि कार्यकर्त्यांना आत बोलावून विचारतात, बोला, कुणाला द्यायचं? त्याला 'सेन्स घेणं' म्हणतात. दावेदारांनाही आत बोलावतात. बाहेर सगळ्यांची माणसं बस भरभरून येतात, घोषणा देतात, ढोल वाजवतात. लग्नाच्या पार्टी प्लॉटवर होतं सगळं. मांडव आदल्या दिवशीच्या लग्नाचाच होता आणि कमानीवर कुण्या नवरानवरीची नावंसुद्धा तशीच होती. आम्ही बायका डबे बांधून गेलो होतो. जिभाऊ नव्या झब्ब्यात शेवटच्या खुर्चीवर. पुढे बसा म्हटलं तर, "इथे वारा चांगला आहे."

माझी पाळी आली तेव्हा मी आत गेले. दोघे निरीक्षक, सौराष्ट्राकडचे असावेत, बोलण्यावरून तसं वाटलं. एकाने विचारलं, "बोलो बेन, कोने आपवुं?" कुणाला द्यायचं? मी म्हटलं, "हिरामणभाईंना." "बीजुं नाम?" दुसरं नाव द्या. मी म्हटलं, "हिरामणभाई." "त्रीजुं?" "तिसरंही हिरामणभाईच. चौथं विचारायच्या आधीच सांगून ठेवते." तो हसला आणि म्हणाला, "सारुं बेन, समजी गयो." बाहेर येऊन मी छाती पुढे काढून सगळ्यांना सांगितलं. आमचे सगळे तसंच बोलले होते. एकसुद्धा फुटला नव्हता.

मग जिभाऊंना बोलावलं. टोपी नीट करून आत गेले. आम्ही घोषणा द्यायला तोंड उघडतोय तोवर बाहेरही आले. मी धावत गेले. "काय झालं? काय विचारलं?" त्यांचा चेहरा उजळला होता. "चांगली माणसं आहेत. पाणी विचारलं." "अहो, पाणी जाऊ दे, बोलणं काय झालं?" "झालं ना. चांगलंच होईल सगळं." त्यानंतर किशोर आत गेला, कारण वाडीतल्या बैठकीआधीच पक्षाकडे गेलेल्या यादीत नाव त्याचंही होतं, तो बराच वेळ आत होता. जिभाऊ त्या वेळात डबे उघडून सगळ्यांना जेवायला वाढत होते.

उमेदवारांची यादी आली तेव्हा मी कढईत पोहे परतत होते. मोबाईलवर टिंगटिंग सुरू झालं. आमच्या सीटपुढे किशोरचं नाव. मला वाटलं, चुकीचं आहे, कुणीतरी थट्टा केली. पोहे तसेच टाकून जिभाऊंकडे गेले तर त्यांच्या दाराशी गर्दी. कुणी किशोरच्या नावाने शिव्या देतंय, कुणी राजीनामे लिहायला निघालंय. आणि तेवढ्यात किशोरच आला, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. त्याची हिंमत बघून मी थक्क झाले. तो जिभाऊंच्या पाया पडला आणि लोकांनी त्याला घेरलं. गद्दार काय, चोर काय! किशोरचा चेहरा लालबुंद झाला. तो ओरडला, "मी काय करू? मी आत गेलो तर निरीक्षकांनीच मला सांगितलं, तुमच्या जिभाऊंनी स्वतःच तुमचं नाव दिलंय! मग त्यांनी मला विचारलं, तुम्हाला पाहिजे का? मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? मला पाहिजेच होतं!"

सगळे जिभाऊंकडे वळले. मी म्हटलं, "जिभाऊ, सांगा याला, की हे खोटं आहे."

जिभाऊ बॉक्समधला पेढा घेत होते. ते म्हणाले, "खरं आहे. आपणच दिलं." आणि तो पेढा त्यांनी किशोरच्या तोंडात घातला.

त्या दिवशी लोक काय काय बोलले! समाजाचं नाव बुडवलं म्हणाले. शब्द दिला होता तर मोडायचा कशाला म्हणाले. एकाने तर, विकले गेले म्हातारे, असंही म्हटलं. त्याला मी असं झापलं की तो आजही माझ्या गल्लीतून जात नाही. पण माझ्याही मनात होतंच, की असं का केलं? विचारलं तर एकच उत्तर, "पोरगा चांगला आहे. करील." थोड्या दिवसांनी लोकांचा राग निवला आणि त्याची उलटीच गंमत झाली. जो तो सांगायला लागला, बघा, हातातलं तिकीट दुसऱ्याला दिलं, असा माणूस होणे नाही. कीर्तनकारबुवांनी कीर्तनात त्यांचं उदाहरण दिलं. त्यागमूर्ती! जिभाऊ पहिल्या रांगेत बसून पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरत होते. शकूमावशी मात्र त्या विषयावर त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "माझं मन मोठं नाही बाई यांच्याएवढं. निदान घरात विचारायचं तरी होतं." झब्बा त्यांनी धुऊन, घडी घालून पेटीत तळाला ठेवला.

प्रचारात जिभाऊच सगळ्यांत पुढे. मतदानाच्या दिवशी नेहमीसारखी कुणाची तरी लेकरं त्यांच्या खांद्यावर. किशोर निवडून आला. खोटं कशाला बोलू, त्याने कामं केली. रस्ते झाले, दिवे आले, पावसाचं पाणी आता घरात येत नाही. पण नववी-दहावीचे वर्ग राहिले ते राहिलेच. जिभाऊ एकदा त्याच्या कार्यालयात गेले होते त्यासाठी. किशोर उठून उभा राहिला, त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवायला लागला, चहा मागवला, "जिभाऊ, माझ्या डोक्यात आहे ते," म्हणाला. आणि त्याच्या डोक्यात दुसरं इतकं असतं! मी बाहेर उभी होते. येताना रिक्षात जिभाऊ म्हणाले, "त्याच्यावर बोजा फार आहे." मी म्हटलं, "तुमच्यावर असता तर?" ते बाहेर मिलच्या धुराड्यांकडे बघत बसले.

मग त्यांची तब्येत उतरायला लागली. आयुष्यभर कापडाची बारीक धूळ छातीत गेलेली. दोन पावलं चालले की धाप. गॅलरीत खाट टाकली होती, तिथे पडून खाली येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचे. मी दुपारी जाऊन बसायची, मोबाईलवरच्या बातम्या वाचून दाखवायची.

अशाच एका दुपारी बातमी होती की पुढच्या विधानसभेसाठी आत्तापासून दावेदार तयारीला लागले आहेत. आमच्या सीटवरची नावं दिली होती. किशोर होताच, शिवाय एक बिल्डर, एक डॉक्टर, कुणाचा तरी जावई. मी चिडून वाचत होते. एकेकाची लायकी काढत होते. जिभाऊ डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मोबाईल ठेवून मी उठायला लागले, तर माझ्या हाताला त्यांचा हात लागला.

"सरू," ते म्हणाले, "माले पाहिजे व्हतं वं ते."

मला आधी कळलंच नाही. पाणी हवंय की काय, असं वाटलं. मग कळलं आणि मी खाली बसले. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून 'मला पाहिजे' मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मग दुसऱ्याचं नाव का दिलंत?" मी रडत होते की भांडत होते, मलाच माहीत नाही. "आम्ही सगळे ओरडून ओरडून तुमचं नाव घेत होतो. तुम्ही आत जाऊन काय केलंत?"

त्यांनी हळूहळू, मध्ये मध्ये दम घेत सांगितलं. त्यांची अहिराणी सगळी लिहीत बसत नाही. निरीक्षकाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, काका, सगळे तुमचंच नाव घेताहेत, तुमची काय इच्छा? यांना इतका आनंद झाला की काय बोलावं सुचेना. मग जे आयुष्यभर बोलले तेच तोंडातून निघालं. आपलं काय, आपलं वय झालं, तरुण पोरं आहेत, किशोरला द्या. निरीक्षक म्हणाला, "सारुं, काका," आणि लिहून घेतलं. जिभाऊ उठले नाहीत. ग्लासात पाणी होतं, ते घोट घोट पीत बसले. ग्लास रिकामा झाला. निरीक्षक शेजारच्याशी काहीतरी बोलला आणि त्याने दारातल्या माणसाला खूण केली, पुढच्याला पाठव.

"मग उठनू," जिभाऊ म्हणाले. खाली रस्त्यावर कुणाचा तरी टेम्पो हॉर्न वाजवत होता. "माले वाटनं, आखो एक डाव इचारतीन."

आणखी एकदा विचारतील. बाहेर आले तेव्हा चेहरा उजळला होता तो याचसाठी. त्यांना वाटत होतं, वाडीतल्यासारखं अजून कुणीतरी खांदे धरून बसवायला येईल. यादी येईपर्यंत हा माणूस वाट बघत होता. आणि आम्ही त्याला त्यागमूर्ती करून हार घातले! असा संताप आला मला, त्या निरीक्षकाचा, आमच्या टाळ्यांचा, त्यांच्या त्या मेल्या 'आपण'चा.

मागे भांड्याचा आवाज झाला. शकूमावशी गॅलरीच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं त्या याच समजुतीत होत्या की नवऱ्याने मन मोठं करून देऊन टाकलं आणि आपलंच मन कोतं. त्या खाटेजवळ आल्या, खाली बसल्या आणि कणकेच्या हातानेच त्यांनी जिभाऊंचा हात धरला.

"माले का बरं नही लई गयात मजार?" त्या म्हणाल्या. मला का नाही आत घेऊन गेलात? "मी इचारं असतं ना, आखो एक डाव."